बसायला शिकवलं ते वर्ष

गणिताच्या तासाला मी बिगारीत, म्हणजे पहिलीच्याही खालच्या वर्गात, बसत असे आणि वाचनाच्या तासाला तिसरीत. म्हणजे दिवसातून दोनदा मी, बावीस वर्षांची बाई, पाटी छातीशी धरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची, आणि व्हरांडा झाडणारी गडीण दर वेळी माझ्याकडे अशी बघायची की जणू मी ती पाटी चोरून चालवली आहे. वाचन मला नवऱ्याने शिकवलं होतं. तो पागेत कारकून होता. घोड्यांच्या दाणावैरणीचे कागद लिहायचा, आणि घरी आला की हौसेने मला अक्षरं काढून दाखवायचा. आकड्यांपर्यंत आम्ही पोचायच्या आत प्लेगने त्याला नेलं. म्हणून हा असा अर्धवट कारभार.

बिगारीत माझ्या शेजारी माझीच मुलगी बसायची. नुकतं सातवं लागलेलं, दोन घट्ट वेण्या, आणि अंगात पारा. सतरंजीवर माझे गुडघे मावायचे नाहीत आणि तिचं बूड टेकायचं नाही. आम्हा दोघींमुळे ती सतरंजी कायम चुरगळलेली असे, आणि पलीकडच्या मुली बाईंकडे तक्रार करत. तक्रार खरीच होती.

नवरा गेल्यावर मी कोडोलीला सासरी येऊन राहावं, असं दिराचं म्हणणं होतं. दीर वाईट माणूस नव्हता. भावाच्या दिवसांना त्याने मला आणि मुलीला काही कमी पडू दिलं नाही, हे मी आजही सांगेन. पण त्याने मुलीसाठी स्थळ बघून ठेवलं होतं. गावातलंच घर, खाऊनपिऊन सुखी, मुलगा अकरा वर्षांचा. "वैनी, पोरीला बाप न्हाई," तो म्हणाला. "एकदा उजवून टाकली की तुमी बी मोकळ्या, आमी बी मोकळं." मला असं मोकळं व्हायचं नव्हतं. माझं स्वतःचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं आणि त्यातलं मला फक्त नथ टोचल्याचं आठवत होतं.

माझे मामा शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर तोलाई करत. ते मध्ये पडले. महाराज शिकणाऱ्याला पाठीशी घालतात, पोरीला एक वर्ष द्या, असं त्यांनी दिराला गळ घालून सांगितलं. मग ठरलं ते असं: पाडव्यापर्यंत मी चौथीची परीक्षा आणि मुलांपुढे पाठ घ्यायची परीक्षा, अशा दोन्ही पास होऊन मास्तरणींच्या ट्रेनिंगच्या वर्गात लागायचं. लागले तर दरबाराचं विद्यावेतन मिळेल, मी कोल्हापुरात राहीन आणि मुलगी शाळेत राहील. नाही लागले तर दीर पाडव्याला गाडी घेऊन येईल आणि वैशाखात मुलीच्या अंगाला हळद लागेल. तेव्हा आषाढ चालू होता. मी बोटांवर महिने मोजले आणि उठून उभी राहिले, कारण बसून ते मोजणं मला जमेना.

खरं तर त्या वर्षी मी कुठे स्वस्थ बसले असेन असं मला आठवतच नाही. अडतीच्या मागच्या खोलीत आम्ही राहायचो. समोर मोठं अंगण, त्यात गुळाच्या मोठ्या ढेपा, ज्यांना तिकडे रवे म्हणतात, ते रांगेने मांडलेले. मी भाकरी थापताना मध्येच उठायची, पाटी बघायची, परत बसायची. पहिली भाकरी करपायची, दुसरी कच्ची. मामा निमूट खायचे.

शाळेतली पहिली फजिती आठवडाभरातच झाली. मुख्य बाईंनी प्रत्येकीपुढे मूठमूठ चिंचोके ओतले आणि मोजून पाटीवर आकडा लिहायला सांगितला. मोजणं म्हणजे माझ्या हातचा मळ. पोरी एक-दोन-तीन करत बसल्या होत्या तोवर माझे ढीग लागलेसुद्धा. एक ईस, दोन ईस, तीन ईस, आणि वर सात. आमच्याकडे शेण्या, कणसं, अंडी, उसाच्या मोळीतले ऊस, सगळं विसानेच मोजतात. मी पाटीवर ठसठशीत तीन लिहिला, त्याच्याशेजारी सात लिहिला आणि पाटी वर धरली. वर्गात माझी पाटी पहिली. मला फार बरं वाटलं.

बाईंनी चिंचोके मोजले. "हे सदुसष्ट आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही सदतीस लिहिले आहेत."

"तीन ईस आन सात," मी म्हणाले. "तीन लिवलं, सात लिवलं. चुकलं कुटं बाई?"

मुली हसायला लागल्या. बाईंनी त्यांना गप्प केलं आणि मला म्हणाल्या, "विसांची मोजणी घरी. इथे दहाची."

"का पर?"

"तशी रीत आहे म्हणून."

माझं डोकं भडकलं. रीत आहे म्हणून, हे मला दीरही सांगत होता. त्यासाठी शाळेत यायची काय गरज होती? घरी आले ती पाय आपटतच. मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पोरी, तुजं बराबर हाय की." तेही रवे मोजताना विसाला एक खडूची रेघ ओढत. सात रेघा आणि वर पाच, असं ते तोंडाने सांगत आणि अडतीचा मुनीम त्याचा आकडा मांडून घेई. मुनीम तो कसा मांडतो, हे मामांनी वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आम्ही दोघं अंगणात उभं राहून शाळेला नावं ठेवत होतो.

मुलगी तेव्हा रव्यांच्या रांगेतून एका पायावर उड्या मारत चालली होती. उडी न थांबवता तिने सांगितलं, "आई, शाळंची मोळी धाची असतीया. तुजी इसाची. तुजी सोड आन धाधाची बांद."

मी वैरणीच्या काड्या घेतल्या. विसाच्या तीन मोळ्या बांधल्या, सोडल्या, दहा-दहाच्या बांधल्या. सहा झाल्या आणि सात काड्या उरल्या. सहा, सात. एवढंच होतं ते. बाईंनी हे एका वाक्यात सांगितलं असतं तर माझी फजिती टळली असती. पण त्यांना ते सांगता आलं नाही, मामांना आलं नाही, आणि सात वर्षांच्या पोरीने लंगडी घालता घालता सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला पोटच्या पोरीचा हेवा वाटला. मी नऊ महिन्यांच्या वायद्याने जे ओढून आणत होते ते तिला चालता चालता सापडत होतं, आणि सापडल्याचं तिला काही अप्रूपही नव्हतं.

अर्थात माझीही पाळी आली. पावकी-निमकी, म्हणजे पाव-निम्म्याचे पाढे, निघाले तेव्हा पोरी नुसत्या सुरात ओरडायच्या. पाव म्हणजे काय, हे त्यातल्या एकीलाही सांगता आलं नसतं. मला ते शिकावंच लागलं नाही. मापटं म्हणजे निम्मा शेर, चिपटं म्हणजे पाव शेर, हे मी जात्यावर बसण्याच्या वयापासून हाताळलं होतं. धान्याचं माप डोळ्यांपुढे आणलं की उत्तर तयार. बाई म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हणाले, "पोटानं." त्या पहिल्यांदाच हसल्या. दसऱ्यापर्यंत मी बिगारीतून पहिलीत गेले, दिवाळीनंतर दुसरीत. प्रत्येक वर्गात सगळ्यात मोठी आणि सगळ्यात चिडकी मीच.

मुलगी बिगारीतच राहिली, आणि त्याचं कारण तिचे पाय. बाईंची शिस्त कडक होती. मांडी, हाताची घडी, नजर फळ्याकडे. मुलगी अंगणात उड्या मारताना पंधरापर्यंत पाढे म्हणायची, एका उडीला एक घर. रांगेच्या टोकाला पोचली की पाढा संपलेला असे. तेच वर्गात मांडी घालून विचारलं की "सात सक" ला अडायची, उठायची, दोन पावलं टाकायची, मग "बेचाळीस" म्हणायची. ती उठली की शेजारची उठायची, मग तिच्या शेजारची. बाईंनी तिच्या नावापुढे "चंचल" असा शेरा लिहिला.

मार्गशीर्षात बाईंनी मला थांबवून घेतलं. त्या रागावल्या नव्हत्या, हे सांगायला हवं. "माझ्याकडे चाळीस मुली आहेत," त्या म्हणाल्या. "एक उठली की चाळीस उठतात, मग शिकवायचं कुणाला? आणि तुमच्यासाठी सांगते. पाठाच्या परीक्षेला शाळा तपासणारे दिपोटीसाहेब येतात, ते आधी बघतात वर्ग शांत आहे की नाही. आता तुमची स्वतःचीच मुलगी बसत नसेल तर तुमच्या हाती ते चाळीस मुली कशा देतील?"

मी घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे कोडोलीची गाडी उभी होती.

घरी आल्या आल्या मी जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि मुलीचा डावा पाय ओसरीच्या खांबाला बांधला. "पाढा बसून म्हणायचा," मी सांगितलं. "झाला की सोडते." पहिल्या दिवशी तिला तो खेळ वाटला. ती हसली, आणि पाय ओढून बघितला. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आजबी?" तिसऱ्या दिवशी विचारलं नाही. ती रडली असती तर मी सोडलं असतं, असं मी पुढे पुष्कळ वेळा स्वतःला सांगितलं आहे. पण ती रडली नाही, आणि मला ते सोयीचं होतं.

मामांनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पोरी, वासरू बी कुणी एवढं आखूड बांदत न्हाई."

"मग जाऊ दे तिला कोडोलीला?" मी म्हणाले. "लावा हळद. तुमीच लावा."

मामा टोपी डोक्यावर चढवून कामाला गेले.

आणि मी काय करत होते? मी त्याच अंगणात, त्याच रव्यांच्या रांगेतून, झपाझप येरझाऱ्या घालत दिडकी-अडीचकीचे पाढे पाठ करत होते. कारण मला बसून पाठ होत नव्हतं. कमरेला पदर खोचायचा, पाटी काखेत मारायची, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत. हमाल बाजूला सरून वाट द्यायचे. खांबाशी बसलेली मुलगी मान इकडून तिकडे फिरवत मला बघायची. हे मला तेव्हा दिसलं नाही, असं मी लिहिणार होते. पण ते खरं नाही. दिसत होतं. मला चौथीची परीक्षा होती आणि तिला बसायला शिकायचं होतं, अशी मी दोन्हींची वाटणी करून टाकली होती.

पंधरा-वीस दिवसांत चिंधीची गरज उरली नाही. शाळेतून आली की मुलगी आपणहून खांबाला टेकून बसे, मांडी घालून. वर्गात तर बाईंनी तिला पहिल्या रांगेत आणलं आणि बाकीच्या मुलींना सांगितलं, हिच्यासारखं बसा. "चंचल" हा शेरा गेला. मी खूश झाले. त्या दिवशी मी गोड केलं, शेवयांची खीर.

पाढे मात्र बंद झाले. मी विचारायची, "आठ सत्ते?" ती बघायची. "येतंय की न्हाई?" "येतंय," म्हणायची. पुढे काही नाही. ओठसुद्धा हलायचे नाहीत. आधी मला वाटलं हट्ट आहे. मग वाटलं, येईल हळूहळू. माघ संपत आला होता, माझा त्रैराशिकाचा घोळ संपत नव्हता, आणि तिच्या गप्प बसण्याला हात घालायला मला खरोखर वेळ नव्हता. निदान असं मी म्हणायची. एखादी गोष्ट बघायची नसली की माणसाला वेळ नसतो.

फाल्गुनात लेखी परीक्षा झाली. तीत मी पास झाले. राहिला पाठ. विषय आला दशक आणि एकक, आणि पाठ घ्यायचा बिगारीवर, म्हणजे माझ्याच जुन्या वर्गावर. मी काड्यांच्या मोळ्या बांधून नेल्या. दिपोटीसाहेब खुर्चीवर कागद घेऊन बसले, बाई दाराशी उभ्या राहिल्या. मी मोळ्या दाखवल्या, सोडल्या, बांधल्या. मुली भराभर सांगत होत्या. पाठ चांगला चालला होता, मला ते हाताला कळत होतं. पहिल्या रांगेत माझी मुलगी हाताची घडी घालून बसली होती. मी तिला विचारत नव्हते.

"त्या मुलीला विचारा," दिपोटीसाहेब म्हणाले. "पहिल्या रांगेतली. ती मघापासून गप्प आहे." ती माझी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी पाच मोळ्या आणि चार सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या. "किती झाल्या?"

मोळी म्हणजे काय ते मला जिने शिकवलं, तिला मी विचारत होते. तिने काड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. घडी सुटली नाही. मी परत विचारलं. दिपोटीसाहेबांची लेखणी थांबलेली होती. तिला येत होतं. उठ, दोन पावलं चाल आणि सांग, एवढं मी म्हणाले असते तर तिने सांगितलं असतं, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. आणि ती उठली असती की शेजारची उठली असती, मग तिच्या शेजारची, आणि सगळा वर्ग माझ्या हातून गेला असता. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि पलीकडच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली चोपन्न.

पाठ संपल्यावर दिपोटीसाहेब बाईंना म्हणाले, "त्या मुलीचं उत्तर आलं नाही, पण अर्ध्या तासात ती हललीसुद्धा नाही. एवढ्या वयात असं बसणं मी पाहिलं नाही. कुणाची?"

"यांचीच," बाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या.

"मग यांना वर्ग सांभाळता येईल," ते म्हणाले, आणि त्यांनी कागदावर सही केली.

पाडव्याला दीर गाडी घेऊन आला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून ट्रेनिंगच्या वर्गाचं पत्र मीच त्याला वाचून दाखवलं, जरा जास्तच मोठ्याने. त्याने ऐकून घेतलं. शब्दाचा माणूस होता, स्थळाचा विषय तिथेच सोडला. जाताना ओसरीवर बसलेल्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "पोरगी लई गुणाची झाली की." रिकामी गाडी घेऊन तो कोडोलीला परतला, आणि मी जिंकले.

पुढे मी तीस वर्षं शिकवलं. माझ्या वर्गात मुली चालत पाढे म्हणत, खिडकीत बसून म्हणत, एक तर माझ्या टेबलाखाली बसून म्हणायची. वर्गात गोंगाट असतो म्हणून माझ्यावर दोनदा शेरे आले. मी ते घरी आणून मुलीला दाखवले होते. तिने वाचले, घडी केली आणि परत दिले. शाळेला ती चौथीपर्यंत गेली. रोज गेली, नियमाने गेली. चौथी झाल्यावर एक दिवस म्हणाली, आता पुरे. मी तिला कारण विचारलं नाही.

पण मी सांगत होते ते त्या पाडव्यानंतरच्या आठवड्याचं. कोडोलीची धास्ती गेली होती, मला आता वेळच वेळ होता. मी मुलीला म्हणाले, "चल, उड्या मार. म्हण पाढा. आता कुणी बोलणार न्हाई." ती खांबाशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मी तिचा हात धरून तिला अंगणात नेलं. ती आली, उभी राहिली, मी हात सोडल्यावर परत जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मी पदर खोचला, एक पाय वर घेतला आणि रव्यांच्या रांगेतून स्वतःच लंगडी घालत निघाले, सातचा पाढा मोठ्याने म्हणत. बावीस वर्षांची विधवा बाई, भर दुपारी, शाहूपुरीत. हमाल पोती खाली ठेवून बघायला लागले. मामा दारातून आत गेले. "सात पाचं पस्तीस," मी म्हणाले, आणि मुद्दाम चुकले, "सात सक चव्वेचाळीस." तिने हे ऐकून घेतलंच नसतं पूर्वी. मी तिच्याकडे बघत एका पायावर तशीच उभी राहिले.

ती उठली नाही. हाताची घडीही सुटली नाही. पण किती तरी दिवसांनी ती आपणहून बोलली.

"आई, खाली बस की," ती म्हणाली. "लोकं बघाय लागल्यात."

मी तिच्या शेजारी जाऊन, मांडी घालून बसले.